रस्त्याकडेच्या डब्यातले देव

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली त्याच आठवड्यात कार्यालयात एक पत्र आले. बालवाडीपासून दहावीपर्यंत आपल्याच शाळेत शिकलेल्या एका माजी विद्यार्थिनीचे. आता ती अमेरिकेत असते. हल्ली माजी विद्यार्थ्यांची पत्रे येतात ती बहुधा शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी नाहीतर गुणपत्रिकेच्या प्रतीसाठी. हे मात्र चार पानी, हाताने लिहिलेले आणि मराठीत होते. म्हणून शिक्षक-खोलीत ते मोठ्याने वाचले गेले आणि मधली सुटी संपल्याची घंटा झाली तरी त्यावरचा वाद काही संपला नाही. नंतर तो वाद वर्गात गेला, वर्गातून घरोघरी गेला आणि काही पालकांच्या चिठ्ठ्यांच्या रूपाने परत शाळेत आला. तेव्हा आमचे म्हणणे एकदा नीट मांडावे, म्हणून हा लेख.

आधी पत्रात काय होते ते सांगतो. एका रविवारी ही विद्यार्थिनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन गावाबाहेर निघाली होती. मुलाच्या हातात मोबाइल. त्यातला बाण पाहत तो ‘अजून पुढे, अजून पुढे’ करत होता. दोन्ही बाजूंना शेते असलेल्या एका रस्त्यावर त्याने गाडी थांबवायला लावली. कडेच्या लोखंडी कठड्यामागे, चार दगडांच्या आडोशाला एक हिरवा पत्र्याचा डबा होता. आत एक वही, एक पेन्सिल आणि बोटभर उंचीचे सात-आठ देव. गणपती, कृष्ण, सरस्वती, मारुती, शंकर. शिवाय प्रत्येकाची माहिती देणारा एक छापील कागद. या खेळात आधी आलेल्यांनी काही वस्तू नेल्या होत्या आणि त्यांच्या बदल्यात काही ठेवल्या होत्या. एक खेळण्यातली मोटार, एक केसांची पीन, एक रबरी डायनोसॉर. गणपती त्या डायनोसॉरच्या शेजारी उताणा पडला होता.

मुलाने आधी पायातले बूट काढले. मग म्हणाला, “आई, आता काय करायचं?” आणि कागद वाचता वाचता दुसरा प्रश्न, “एवढा मोठा गणपती, आणि वाहन उंदीर का?”

पत्राच्या शेवटी तिने लिहिले होते, “बाई, मी डबा तसाच बंद करून ठेवला. वहीत नावसुद्धा लिहिले नाही. बरोबर केले का? आणि उंदराचे मला सांगता आले नाही, त्याचे फार वाईट वाटले.”

हा खेळ आपल्यापैकी पुष्कळांना नवा असेल. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. एकाने कुठेतरी डबा ठेवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि इतरांनी उपग्रहाच्या मदतीने तो शोधून काढायचा. सापडला की आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची. आतली वस्तू घ्यायची असेल तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. नाहीतर नुसते नाव लिहून डबा होता तिथे, होता तसा ठेवायचा. बक्षीस काही नाही. शोधण्याची मजा हेच बक्षीस.

याचा जन्म नेमका कधी झाला ते सांगता येते. उपग्रहावरून जागा ओळखण्याची जीपीएस पद्धत अमेरिकेच्या लष्कराची. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संकेतात मुद्दाम चूक घातलेली असे, त्यामुळे जागा सुमारे १०० मीटर इकडे तिकडे दिसे. ही मुद्दाम घातलेली चूक मे २००० च्या सुरुवातीस काढून टाकण्यात आली आणि जागा १०-२० मीटरपर्यंत बिनचूक कळू लागली. लगेच ३ मे २००० रोजी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळ एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केले. बादलीत पुस्तके होती, थोडे पैसे होते, एक गलोल होती आणि घेवड्याचा एक डबासुद्धा होता. तीन दिवसांत दोघांनी ती शोधली. आज जगभर असे ३० लाखांहून अधिक डबे आहेत. तशी ही कल्पना जुनीच. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळावर १८५४ साली एका वाटाड्याने क्रॅनमियर पूल या आडजागी बाटली ठेवली आणि तिथवर पोहोचणारे तिच्यात आपले नावाचे कार्ड टाकू लागले. त्यातूनच ‘लेटरबॉक्सिंग’ हा छंद निघाला.

डबा ठेवणारे बहुधा एखादा विषय घेतात. कुणी पक्षी, कुणी जुनी आगगाडी, कुणी ग्रीक देवता. आपल्या विद्यार्थिनीला सापडलेल्या डब्याचा विषय हिंदू देवता हा होता. या खेळाच्या संकेतस्थळाचा नियम असा आहे की डब्याच्या माहितीत धर्माचा, राजकारणाचा किंवा व्यापाराचा प्रचार करता येत नाही. माहिती द्यावी, उपदेश करू नये. म्हणजे तो डबा कुणी धर्मप्रसारासाठी ठेवला नव्हता आणि टिंगलीसाठीही ठेवलेला दिसत नाही. कुणाला तरी या देवांचे कुतूहल वाटले, एवढेच त्यातून निघते.

आता वाद. आमच्या संस्कृतच्या बाईंचे म्हणणे असे, की हे चूकच. देव रस्त्याच्या कडेला दगडाखाली, धुळीत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांजवळ? आणि मोटार ठेवून लक्ष्मी उचलायची, हा कसला व्यवहार? आपण बाजारातून मूर्ती आणतो तेव्हासुद्धा ‘विकत घेतली’ म्हणायला जीभ अडखळते.

चित्रकलेच्या सरांचे म्हणणे उलट. ती मूर्ती नव्हेच, ती बाहुली. प्राणप्रतिष्ठा झाली नाही तोवर माती ती माती. गणेश चतुर्थीला आपण पार्थिव मूर्तीत देवाला बोलावतो, दीड दिवस, पाच दिवस, दहा दिवस पाहुणचार करतो आणि निरोप देऊन मातीला पाण्यात सोडतो. हे ज्यांना कळते त्यांनी दोन इंचांच्या प्लॅस्टिकच्या गणपतीवरून रागावू नये.

दोघांचेही बरोबर आहे, असे म्हणून आम्हाला सुटता आले असते. पण तसे म्हणण्याने त्या मुलाच्या ‘आता काय करायचं?’ याचे उत्तर मिळत नाही.

शास्त्राने पाहिले तर सरांचे खरे. पण माणूस केवळ शास्त्राने चालत नाही. आपल्या घरी पंचांगाचे जुने पान फाडतानासुद्धा त्यावर देवाचे चित्र असेल तर हात थांबतो. पाय लागला तर आपण पुस्तकालाही नमस्कार करतो, आणि पुस्तकाची तर कुणी प्राणप्रतिष्ठा केलेली नसते. त्या मुलाने बूट काढले ते त्याला कुणी शास्त्र शिकवले म्हणून नव्हे. घरी आजीला करताना पाहिले असेल, आईला पाहिले असेल. ही जी हाताची आणि पायाची सवय आहे, तिला आम्ही संस्कार म्हणतो. सरांच्या युक्तिवादाने ती पुसून टाकू नये. तेव्हा बाईंच्या आक्षेपाचा गाभा, म्हणजे देवाची प्रतिमा अदलाबदलीची वस्तू होऊ नये, हा आम्हाला मान्य आहे.

मात्र आक्षेपाचा दुसरा भाग, ‘देव रस्त्याच्या कडेला कसा?’, हा आम्हाला पटत नाही. रस्त्याची कडा ही आपल्या देवांची फार जुनी जागा आहे. वेशीवरचा मारुती कुठे असतो? शेताच्या बांधावरचा शेंदूर फासलेला म्हसोबा कुठे असतो? घाटाच्या तोंडाशी, नदीच्या उताराशी, वडाच्या पारावर जे देव बसले आहेत, त्यांना कुणी आत बोलावले नाही म्हणून ते बाहेर नाहीत. ते बाहेरचेच देव. वाटसरूची राखण करणे हेच त्यांचे काम. आपल्या बडोद्यात पोळीच्या तोंडाशी असलेल्या लहानशा देरीपुढे सायकलवरून जाणारा माणूस एक हात सोडून नमस्कार करतो, आणि त्यात त्याला किंवा देवाला काही कमीपणा वाटत नाही. आणि ठिकाणे शोधत जाण्याचा प्रकारही आपल्याला नवा नाही. अष्टविनायक म्हणजे आठ ठिकाणांचा नेमलेला मार्गच आहे. तिथे वही नसते इतकेच. मोरगावाहून निघायचे आणि सगळे करून परत मोरगावालाच यायचे, हा त्यातला नियम.

म्हणजे प्रश्न जागेचा नाही. वागणुकीचा आहे. आणि वागणुकीचे बोलायचे तर बोट आधी आपल्याकडेच वळते.

हे आम्हाला कुणी दाखवून दिले ते प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. वाद रंगात आला असताना चहाचे पेले उचलायला आलेले आमचे शिपाईकाका सहज म्हणाले, “बाई, त्या अमेरिकेतल्या डब्याचं सोडा. आपल्या कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली बघितलंत का?”

आम्ही सगळे रोज त्या पिंपळावरून येतो. कुणीही बघितले नव्हते. दुसऱ्या दिवशी नववीच्या मुलांना घेऊन गेलो. पाराभोवती देवांच्या तसबिरी पडल्या होत्या. काचा फुटलेल्या, पाण्याने चित्र विरघळलेल्या, चौकटीला वाळवी लागलेल्या. सोंड तुटलेले गणपती, एक हात नसलेली देवी, जुन्या दिनदर्शिका, सुकलेले हार, लग्नपत्रिकांचे गठ्ठे. मुलांनी मोजायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने मोजणे सोडून दिले. एका मुलीने एक तसबीर उचलून पाहिली आणि हळूच म्हणाली, “अशीच आमच्याकडे होती. रंग दिला तेव्हा काढली.” मग ती काही बोलली नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये म्हणतात, आणि कचऱ्यात टाकवत नाही. म्हणून पिंपळाखाली. म्हणजे आपली अडचण आपण देवाच्याच गळ्यात घालतो. पावसात ते भिजतात, कुत्री त्यांच्यावर निजतात आणि आपण येताजाता नमस्कार करतो. ज्या भिंतीवर लोक थुंकतात तिथे देवांच्या चित्रांच्या फरश्या बसवतो, म्हणजे देवाला पहारेकरी करून उभे करतो. तो परदेशी डबा निदान झाकण लावलेला होता. ओल लागू नये म्हणून कागद पिशवीत घातलेला होता, आणि कुणीतरी त्या देवांची नावे नीट लिहून ठेवली होती. आमच्या पिंपळाखालच्या देवांना ते भाग्यही नाही.

हे असे का झाले, याचा थोडा इतिहास आपल्या गावाशीच जोडलेला आहे. घरोघरी देवाचे रंगीत चित्र असणे ही काही फार जुनी गोष्ट नाही. सयाजीराव महाराजांनी १८८८ साली राजा रविवर्मा यांना पुराणप्रसंगांची चौदा चित्रे काढायला सांगितली. ती पुरी झाल्यावर लोकांना पाहायला ठेवली तेव्हा बघ्यांची झुंबड उडाली. त्याआधीच बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी रविवर्म्यांना सुचवले होते की चित्रांच्या छापील प्रती काढा, म्हणजे साऱ्यांनाच ती मिळतील. पुढे १८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला. लक्ष्मी, सरस्वती, विश्वामित्र-मेनका घरोघरी पोहोचल्या. ज्याला देवळात प्रवेश नव्हता त्याच्याही झोपडीत देवी आली, ही गोष्ट लहान नव्हे. मूळ चित्रे आजही आपल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात पाहता येतात. मुलांना एकदा तरी दाखवावीत.

पण छापले की स्वस्त होते आणि स्वस्त झाले की टाकले जाते. राजवाड्यातून चित्र दिनदर्शिकेवर आले, तिथून उदबत्तीच्या पुड्यावर, काडेपेटीवर, फटाक्याच्या वेष्टनावर आले. फटाक्यावरची लक्ष्मी आपण दर दिवाळीला आपल्याच हाताने फोडतो आणि सकाळी केराच्या टोपलीत भरतो. त्यावर आजवर एकाही पालकाची चिठ्ठी शाळेत आलेली नाही. हे आम्ही कुणाला टोचून बोलायला लिहीत नाही. आम्हीही फोडले आहेत.

मग त्या डब्यात काहीच वावगे नव्हते का? होते, आणि ते वेगळ्याच ठिकाणी होते. पत्रासोबत तिने त्या माहितीच्या कागदाचा फोटो पाठवला होता. त्यात गणपती म्हणजे ‘हत्तींचा देव’ असे छापलेले होते. मारुतीला ‘माकडांचा राजा’ म्हटले होते. माकडांचा राजा सुग्रीव, हे आपल्याकडच्या चौथीतल्या मुलालाही ठाऊक असते. म्हणजे ठाऊक असायला हवे. गणपती हा गणांचा अधिपती, हत्तींचा नव्हे. शिवाय जिथे एकाहून अधिक परंपरा आहेत तिथे कागदाने एकच सांगितली होती. कार्तिकेय आपल्या महाराष्ट्रात ब्रह्मचारी, तर तमिळनाडूत वल्ली आणि देवसेना यांचा पती. उलट आपला गणपती ऋद्धि-सिद्धींसह असतो आणि दक्षिणेत पुष्कळ ठिकाणी तो ब्रह्मचारी मानतात. दोन भाऊ, आणि नर्मदा-कृष्णा ओलांडताच दोघांचे संसार बदलतात! ही गंमत त्या कागदात आली असती तर वाचणाऱ्याला आपला धर्म केवढा मोठ्या अंगणाचा आहे ते कळले असते.

डबा ठेवणाऱ्याला हे माहीत नव्हते, त्याला आम्ही दोष देत नाही. त्याने कुठून तरी वाचून लिहिले. दुरुस्त करू शकणारी व्यक्ती त्या रविवारी त्याच डब्यापाशी उभी होती. तिच्या हातात वही होती, पेन्सिल होती. आणि ती डबा बंद करून परत आली.

इथे आम्हाला मूळ प्रश्न सापडतो असे वाटते. तिला वाईट कशाचे वाटले? डायनोसॉरशेजारच्या गणपतीचे नाही. ते तिने सांगितले खरे, पण चार ओळींत. उंदराचे उत्तर आले नाही, यावर मात्र अख्खे पान लिहिले आहे. ‘मी तुमच्या शाळेत दहा गणेशोत्सव केले, अथर्वशीर्ष पाठ म्हणते, आरत्या येतात, आणि मुलाला एवढेसे सांगता येत नाही’, असे तिचे शब्द आहेत. हे वाचताना शिक्षक-खोलीत सगळे गप्प झाले. कारण ही तक्रार तिची स्वतःबद्दल असली तरी तिचा दुसरा अर्थ आम्हाला लागू होतो. आम्ही तिला पाठ करून घेतले, सांगितले नाही.

महाराष्ट्राबाहेर दोन-अडीचशे वर्षे राहिलेल्या आपल्या समाजाचे हे दुखणे आहे. आम्ही सण सोडले नाहीत, आरत्या सोडल्या नाहीत, पुरणपोळीही सोडली नाही. घरात मराठी, बाहेर गुजराती, वर्गात इंग्रजी, असे करत मुलेही हुशार झाली. पण या तिन्ही भाषांच्या मधल्या फटीतून गोष्टी गळून गेल्या. आजी गोष्ट सांगे ती मराठीत. नातवाला मराठी कळते पण पुरते कळत नाही, म्हणून आजी थांबली. आई म्हणाली शाळेत सांगतील. शाळा म्हणाली अभ्यासक्रमात नाही. आणि एक दिवस परक्या मुलखात, परक्याने लिहिलेल्या कागदावर आपल्या देवाची ओळख वाचायची वेळ मुलावर आली.

म्हणूनच नववीच्या मुलांनी जी योजना मांडली आहे तिला आमचा पाठिंबा आहे. पत्राची हकीकत ऐकून मुलांनीच सुचवले की असा खेळ आपण बडोद्यात, शाळेपुरता करावा. विषय तोच, देवता. यावर काही पालकांनी ‘देवांचा खेळ करू नका’ अशा चिठ्ठ्या पाठवल्या आणि मुख्याध्यापकांनी योजना तूर्त थांबवली आहे. आम्हाला वाटते ती थांबू नये, पण जशीच्या तशी होऊही नये. आमच्या मते चार गोष्टी पाळाव्यात.

पहिली, डब्यात मूर्ती किंवा देवाचे चित्र ठेवू नये. बाईंचा आक्षेप इथे पूर्ण मानावा. डब्यात फक्त वही आणि मुलांनी स्वतः लिहिलेली गोष्ट असावी. देव आपल्या जागी आहेतच. डबा शोधताना मुले त्यांच्यापाशी पोहोचली म्हणजे झाले.

दुसरी, डबा रस्त्याकडेला बेवारस ठेवू नये. ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ हे आपण मुलांना एसटी स्टँडपासून शिकवत आलो आहोत, ते खेळासाठी खोडू नये. इंग्लंडमध्ये वेदरबी गावी २०११ साली असाच एक डबा बॉम्ब समजून तिथल्या लष्करी पथकाने उडवला होता. तेव्हा डबा पारदर्शक असावा, त्यावर शाळेचे नाव असावे आणि तो ओळखीच्या दुकानात, वाचनालयात, देवळाच्या कार्यालयात, परवानगी घेऊन ठेवावा. आमच्या शारीरिक शिक्षणाच्या सरांनी ही जबाबदारी घेतली आहे. मुले चौघांच्या गटाने आणि एका मोठ्या माणसाबरोबर फिरतील.

तिसरी, ठिकाणे अशी निवडावीत की देव निरनिराळ्या रूपांत भेटावेत. मांडवीजवळच्या मंदिरातला विठ्ठल, ज्याचा वरघोडा कार्तिकी एकादशीला निघतो. नरसिंहजींच्या पोळीतले नरसिंहजी, जे कार्तिकी पौर्णिमेला तुळशीच्या लग्नाला वाजतगाजत जातात. तांबेकर वाड्याच्या भिंतींवर रंगवलेले पुराणप्रसंग. कीर्तिमंदिरातले नंदलाल बोस यांनी चितारलेले गंगावतरण. सुरसागराच्या मधोमध उभा असलेला १११ फुटांचा महादेव. आणि लष्कराच्या ईएमई विभागाने १९६६ साली उभारलेले, ॲल्युमिनियमचे आवरण असलेले दक्षिणामूर्तींचे मंदिर. शिव हा गुरूच्या रूपात, दक्षिणेकडे तोंड करून बसलेला, न बोलता शिकवणारा. शाळेच्या मुलांनी शिवाचे हे रूप पाहायला नको का? एकाच गावात दगडाचा, रंगाचा, सिमेंटचा देव आणि धातूच्या कळसाखालचा देव. एवढी विविधता पाहायला लोक तिकिटे काढून लांब जातात.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक डब्यातली गोष्ट मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहावी. मराठीत आणि गुजरातीत. ज्याच्या घरी आजी-आजोबा नाहीत त्याने शेजारच्या आजींना विचारावे. शेजारच्या आजी गुजराती असतील तर अधिक चांगले. त्यांची गोष्ट वेगळी निघेल आणि मग मुले विचारतील की खरी कोणती. तो प्रश्न मुलांना पडणे, हाच आमच्या दृष्टीने सगळ्या खटाटोपाचा फायदा. एका गोष्टीच्या दोन वाटा असतात हे ज्याला नववीत कळले, तो पुढे कुणाच्या वेगळ्या गोष्टीवर हात उगारणार नाही.

पेटी फिरवून माणसांना शहाणे करण्याची कल्पना बडोद्याला परकी नाही, हेही सांगून ठेवतो. महाराजांनी १९०६ साली राज्यभर सक्तीचे शिक्षण सुरू केले, पण शिकलेल्या खेडुताने वाचायचे काय? म्हणून १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन हे ग्रंथपाल बोलावले आणि पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. एका गावाने वाचून झाल्या की पेटी पुढे.  त्यामागे होता तो विश्वास. अमेरिकेतून त्या काळी एक चांगली गोष्ट आपण घेतली आणि आपलीशी केली. आता पत्रातून आलेली ही दुसरी, आपल्या पद्धतीने करायला काय हरकत आहे?

आणि हे सगळे करण्याआधी एक काम. कोपऱ्यावरच्या पिंपळाखालच्या तसबिरी. काच, लाकूड आणि कागद वेगळे करायचे, मातीच्या मूर्ती शाळेच्या मागच्या हौदात विरघळवून ती माती बागेत घालायची, असे मुलांनी ठरवले आहे. पुढच्या शनिवारी सकाळी साडेसात वाजता. संस्कृतच्या बाई येणार आहेत. आधी उत्तरपूजेसारखी दोन फुले वाहून, हात जोडून मग काम सुरू करू, असे त्यांनीच सुचवले. चित्रकलेच्या सरांनी त्याला लगेच होकार दिला. वादातले दोघे अशा रीतीने एका पारावर आले, याचे श्रेय शिपाईकाकांना. पालकांनीही यावे. आपल्या घरी रंगकामात काढलेली एखादी तसबीर असेल तर पिंपळाखाली न ठेवता बरोबर आणावी.

विद्यार्थिनीला आम्ही उत्तर पाठवले आहे. त्यात लिहिले, की बेटा, डबा बंद केलास ते समजू शकतो, पण पुन्हा जा. मुलाला बरोबर ने. वहीत नाव लिही, मराठीत लिही. गणपती हत्तींचा नव्हे, गणांचा, एवढे त्याच्या खाली इंग्रजीत लिही. गणपती घरी आणावासा वाटला तर आण. बदल्यात देव ठेवू नकोस, गोष्टीचे एखादे पुस्तक ठेव. आणि मुलाला सांग, की क्रौंच नावाचा एक गंधर्व होता. इंद्राच्या सभेत चालताना त्याचा पाय वामदेव ऋषींना लागला. ऋषी रागावले, तू उंदीर होशील म्हणाले. तो उंदीर झाला आणि पराशर ऋषींच्या आश्रमात शिरून धान्य, वस्त्रे, पोथ्या कुरतडू लागला. तेव्हा गणपतीने पाश टाकून त्याला धरला. मारला नाही. म्हणाला, तू माझे वाहन हो. तो उंदीर आजही त्याच्या पायाशी बसतो, आणि लाडू कुरतडत नाही, नुसता बघतो.

ही गोष्ट आम्हालाही आयत्या वेळी आठवली नव्हती. शिक्षक-खोलीतून एका बाईंनी आपल्या सासूबाईंना फोन केला, तेव्हा कळली.

योजनेवर अंतिम निर्णय येत्या पालक-शिक्षक सभेत होईल. विरोध असलेल्यांनीही अवश्य यावे, आपले म्हणणे लेखी दिले तर ते पुढच्या अंकात छापू. मात्र येण्यापूर्वी एक विनंती. आपल्या मुलाला घरातल्या कोणत्याही एका देवाची एक गोष्ट विचारावी. त्याला आली तर आमचे म्हणणे आम्ही आनंदाने मागे घेऊ. नाही आली, तर त्याच रात्री, जेवणानंतर, ती त्याला सांगावी.